वाचकांचे प्रश्न : तेहरानचा कलासंग्रह आणि एक अदलाबदल

प्रश्न : तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयात पाश्चात्त्य आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह आहे, असे वाचनात आले. तो तेथे कसा पोहोचला, क्रांतीनंतर कसा टिकला, आणि १९९४ मध्ये त्यातील एक चित्र देऊन जुनी पोथी घेतली गेली, तो व्यवहार आतबट्ट्याचा नव्हता काय?

उत्तर : संग्रह तेथे पोहोचला तो तेलाच्या पैशामुळे. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि इराणच्या तिजोरीत अमाप पैसा आला. सम्राज्ञी फराह पहलवी यांच्या पुढाकाराने पुढच्या काही वर्षांत मोने, गोगँ, पिकासो, पोलॉक, रॉथको, बेकन आणि वॉरहॉल यांच्या कृती विकत घेण्यात आल्या, व ऑक्टोबर १९७७ मध्ये संग्रहालय खुले झाले. त्याचे वास्तुविशारद आणि पहिले संचालक कामरान दिबा हे फराह यांचे चुलतभाऊ. काम घरातच राहिले हे खरे. परंतु इमारत पाहिल्यावर त्याबद्दल तक्रार करणे अवघड जाते.

यझ्दसारख्या वाळवंटी शहरांतील घरांवर वारा पकडून खाली सोडणारे ‘बादगीर’ नावाचे मनोरे असतात. (मुंबईत चहाची हॉटेले काढणाऱ्या अनेक इराणी कुटुंबांचे मूळ याच यझ्दचे.) दिबा यांनी छतावरचे झरोके त्या मनोऱ्यांच्या घाटाचे केले आणि त्यांतून वाऱ्याऐवजी उजेड आत घेतला. इमारतीचा बराचसा भाग जमिनीखाली आहे, त्यामुळे बाहेरून तिचा आवाका कळत नाही. आत शिरलेला प्रेक्षक मधल्या पोकळीभोवती वळत जाणाऱ्या उतारावरून खाली येतो. तळाशी जपानी शिल्पकार नोरियुकी हारागुची यांची पोलादी टाकी आहे, काळ्या तेलाने काठोकाठ भरलेली. पृष्ठभाग इतका निश्चल, की वरचे छत त्यात जसेच्या तसे उमटते आणि ही काळी काच तर नव्हे, असा भास होतो. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या पोटात तेलच असावे, यातली खोच लपून राहत नाही.

१९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर पाश्चात्त्य चित्रे तळघरात गेली. ती जाळली गेली नाहीत, विकलीही गेली नाहीत. दोन दशके बहुतेक कुलुपात राहिली. २००५ मध्ये ती मोठ्या संख्येने मांडली गेली, तेव्हाही बेकनच्या तीन फलकांच्या चित्रातील मधला फलक, शय्येवरील दोन नग्न पुरुषांचा, उतरवण्यात आला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. देवाणघेवाण झाली ती अमेरिकी चित्रकार विलेम डी कूनिंग यांच्या ‘वूमन ३’ या चित्राची. बदल्यात आले ते इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी सोळाव्या शतकात तब्रिझमध्ये घडवलेल्या शाहनाम्याचे, म्हणजे फिरदौसीच्या महाकाव्याच्या सचित्र पोथीचे, उरलेले अवशेष : बांधणी, मजकुराची पाने आणि २५८ पैकी ११८ चित्रे. बाकीची कुठे गेली? आर्थर हॉटन या अमेरिकी संग्राहकाने ही पोथी घेतल्यावर तिची पाने सुटी करून ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली होती, आणि आणखी काही लिलावात विकली होती. तेच डी कूनिंग २००६ मध्ये सुमारे १३ कोटी ७५ लाख डॉलरला विकले गेले आणि तेव्हापासून इराण फसला, असे म्हणण्याची पद्धत पडली. आम्हाला ते पटत नाही. नग्न स्त्रीचे ते चित्र तेहरानमध्ये भिंतीवर लागण्याची शक्यता नव्हती, तर उरलेला शाहनामा बाजारात गेला असता, तर त्याची पाने आणखी विखुरली असती. शिवाय २००६ चा भाव १९९४ च्या सौद्याला लावणे न्याय्य नाही.

हा संग्रह इराणबाहेर दिसण्याचा योग २०१६ मध्ये बर्लिनमध्ये येणार होता. ते प्रदर्शन रद्द झाले. म्हणून पाहायचा असेल तर तेहरानलाच जावे, आणि निघण्यापूर्वी त्या वेळी काय मांडले आहे याची चौकशी करावी, कारण पोलॉक किंवा बेकन कायम भिंतीवर असतीलच असे नाही.