आधी स्वतःच्या पारखीवर विश्वास

प्रिय,

इतकं सोसूनही त्याच माणसाची आठवण येते म्हणजे मीच कमकुवत आहे का, असं तू विचारलं आहेस. नाही, मुळीच नाही. कधी अतोनात माया, कधी अकारण अपमान, आणि आज वाट्याला काय येईल याचा नेम नाही, अशा नात्याची ओढ सुटायला फार जड जाते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. कळ दाबली की दर वेळी मिळणारं खाणं बंद झालं, तर प्राणी ती दाबणं लवकर सोडत. अधूनमधूनच मिळत असेल तर ते बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दाबत राहत. तेव्हा आठवण आली म्हणून परत जायला हवं असं नाही, आणि स्वतःचा राग करायलाही नको.

आता कुणावरच विश्वास ठेवणार नाही, असंही तू म्हणतेस. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुझा विश्वास खरा उडालाय तो स्वतःच्या पारखीवरून. ‘मला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न तू तीनदा लिहिला आहेस. बहुतेक वेळा कळलेलं असतं गं. पोटात कालवतं, बोलता बोलता आपण शब्द गिळतो, मैत्रिणीपासून काही गोष्टी लपवायला लागतो. मग आपणच आपली समजूत घालतो. म्हणून एक कर. तुला काय जाणवलं होतं आणि ते तू कसं दाबलंस, एवढंच लिहून काढ. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस १५-१५ मिनिटं मनातल्या जखमांबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांना दवाखान्याची गरज कमी पडली. तुलाही आधी जड वाटेल. फारच असह्य झालं, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर वही मिटून लगेच समुपदेशकाकडे जा. यात उशीर करू नकोस.

नवीन माणसाची पारख कशी करायची? गोड बोलण्यावरून करू नकोस. एक लहानसा नकार देऊन बघ: ‘आज भेटायला जमणार नाही.’ समोरचा हिरमुसला तरी चालेल, तेवढा हक्क त्यालाही आहे. पण तो अबोला धरतो का, तुला अपराधी वाटायला लावतो का, की दोन दिवसांनी पूर्वीसारखाच बोलतो, हे बघ. असं अनेकदा, वेगवेगळ्या प्रसंगी बघ. मेसेजला उशिरा उत्तर आलं की तुझ्या छातीत धस्स होईल. ती भीती बरेचदा जुन्या नात्यातली असते. मनात आरोप रचण्याआधी त्याला सरळ विचार. या साध्या प्रश्नावरही तो चिडत असेल, तर तेही लक्षात ठेव.

आणि झालेलं सगळं पहिल्याच महिन्यात कुणाला सांगून टाकायची गरज नाही. जेवढं सांगशील ते तो कसं जपतो हे दिसू दे, मग पुढचं सांग.

तुझी,
ताई