तिन्ही झेपतील, पण कॅल्क्युलस कसं आहे ते आधी बघा

पहिल्याच सत्रात भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आणि इंजिनीअरिंगची ओळख असे तिन्ही कोर्स घेतले तर झेपतील का, असं तुम्ही विचारलंय. मी पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन हातात बसलेलं असेल, तर बिनधास्त घ्या. नसेल तर खगोलशास्त्र पुढच्या सत्रावर ढकला आणि त्याच्या जागी कॅल्क्युलस घ्या.

एकत्र घेण्यात फायदा असा की तिन्हीकडे बरंचसं तेच पुन्हा भेटतं. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर फिरतं. तिथे g, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, किती? वर्गात हमखास 'शून्य' असं उत्तर येतं. आता गणित करा: जमिनीवरच्या 9.8 ला (6371/6771) च्या वर्गाने गुणा; 6371 ही पृथ्वीची त्रिज्या किलोमीटरमध्ये, 6771 म्हणजे त्यात वरचे 400 मिळवून. 8.7 येतं, म्हणजे फारसं कमी झालेलंच नाही! अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासकट सतत पडत असतात. g = v²/r मांडलं (v म्हणजे वेग, r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर) की वेग सेकंदाला 7.7 किलोमीटर आणि एक फेरी साधारण 92 मिनिटांची निघते. हेच गणित खगोलशास्त्रात केप्लरचा तिसरा नियम (ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि त्याच्या फेरीचा काळ यांचं नातं) म्हणून समोर येतं. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या 1.524 पट लांब आहे. त्याचा घन करून वर्गमूळ काढा, मंगळाचं वर्ष मिळतं: पृथ्वीची 1.88 वर्षं.

इंजिनीअरिंगमध्ये गाडी अडते ती फ्री बॉडी डायग्रामवर, म्हणजे एकाच वस्तूवर लागणारी बलं दाखवणाऱ्या चित्रावर. भिंतीला टेकलेल्या शिडीचं चित्र काढताना शिडी जमिनीवर लावते ते बलसुद्धा मुलं त्याच चित्रात घुसडतात. चित्रात फक्त शिडीवर लागणारी बलं हवीत. एककांचंही तसंच. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान हातचं गेलं, कारण एका बाजूचे आकडे पाउंड-सेकंदांत होते आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती.

खगोलशास्त्राच्या कोर्सचा अभ्यासक्रम मात्र नाव नोंदवण्याआधी वाचा. एक प्रकार निव्वळ वर्णनाचा असतो, इतर शाखांच्या मुलांसाठी. दुसऱ्यात खरी गणितं असतात. पुढे भौतिकशास्त्रातच पदवी करायची असेल तर दुसराच घ्या. आणि वेळापत्रकात तिन्ही प्रॅक्टिकलं एकाच आठवड्यात येत नाहीत ना, तेही बघा. थिअरी जमते हो, जर्नलं लिहितानाच माणूस मेटाकुटीला येतो.