उंच मनोऱ्यांच्या अभ्यासाला सुरुवात करताना

जगातील सर्वांत उंच मनोऱ्यांची यादी करण्यापूर्वी मनोरा, इमारत आणि तारांच्या ताणावर उभा राहणारा खांब यांतील फरक पक्का करून घ्यावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवेन. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा ही राहती इमारत असल्यामुळे तो या यादीत येत नाही. तसेच पोलंडमधील ६४६ मीटरचा रेडिओ खांब, जो १९९१ साली कोसळला, तोही येत नाही, कारण तो स्वतःच्या बळावर उभा नव्हता.

अभ्यासाला टोकियो स्कायट्रीपासून आरंभ करावा. २०१२ साली पूर्ण झालेला हा ६३४ मीटरचा मनोरा उभारावा लागला, कारण ३३३ मीटरच्या जुन्या टोकियो टॉवरभोवती उंच इमारती वाढल्याने प्रक्षेपणाला अडथळा येऊ लागला होता. पायथ्याशी उभे राहून नजर सावकाश वर नेली, तर तळाचा त्रिकोण वर जाता जाता वर्तुळ होतो, आणि ते पाहताना खरोखर मन भरून येते. चीनमधील ग्वांगझू शहराचा कँटन टॉवर आणि टोरांटोचा ५५३ मीटरचा सीएन टॉवर त्यानंतर अभ्यासावेत. आकडा नोंदवताना तो अँटेनाच्या टोकाचा आहे की प्रेक्षक-सज्जाचा, हे प्रत्येक वेळी लिहावे. स्कायट्रीचे सज्जे ३५० व ४५० मीटरवर आहेत.