पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर जाणारच आहे, मग कच्चा डेटा झेनोडोवर टाकायची गरज काय?

तुमचा प्रश्न असा: डाळिंबावरच्या तेल्या रोगावर पीएच.डी. चालू आहे, प्रबंध विद्यापीठ शोधगंगेवर टाकणारच, मग बागांमधल्या मोजण्यांच्या एक्सेल फाइली वेगळ्या झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर, कशाला टाकायच्या, आणि टाकल्या तर कुणी ढापेल का? मी सोलापुरातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. संशोधक विद्यार्थ्यांच्या अशा फाइली माझ्यासमोर सतत येतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: टाका, आणि प्रबंध जमा होईपर्यंत थांबूही नका.

शोधगंगा म्हणजे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं, आणि ती मोठीच सोय झाली. पण तिथे प्रबंधाची पीडीएफ जाते. तीत तुमच्या सरासऱ्यांचे तक्ते असतात. उन्हापावसात बागेत उभं राहून झाडागणिक मोजलेले पानांवरचे, फळांवरचे डाग तीत सहसा नसतात. उद्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुणाला पाऊस आणि तेल्याचा संबंध नव्याने तपासायचा झाला, तर सरासऱ्यांवरून फारसं काही निघणार नाही. त्या साली सांगोल्यात पडलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

झेनोडो जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलं. मोफत आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात. तुमच्या एक्सेलला एवढी जागा लागणारच नाही. प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, जो शोधनिबंधाच्या संदर्भात देता येतो. त्याऐवजी गूगल ड्राइव्हची लिंक देऊ नका. विद्यार्थी कॉलेज सोडून जातो, खातं बंद होतं आणि छापलेल्या निबंधातली लिंक मरते. नंतर चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवता येते. जुनीही तिच्या क्रमांकासह राहते. फिगशेअर हे असंच दुसरं संकेतस्थळही चालेल. ड्रायड चांगलं आहे, पण तिथे शुल्क लागू शकतं.

आता चोरीचं. नोंद प्रसिद्ध झाली की तुमचं नाव आणि तारीख सगळ्यांसमोर असते. हा डेटा आधी कुणाचा, हे त्यावरून दाखवता येतं. पेन ड्राइव्हमधल्या फाइलीबाबत ते अवघड. तरी धाकधूक असेल तर ठराविक तारखेपर्यंत फाइली बंद ठेवायची सोय आहे, फक्त शीर्षक आणि वर्णन दिसतं. पेटंटचा विचार असेल तर मात्र आधी मार्गदर्शकांशी बोला, तोवर काहीच उघड करू नका.

खरं काम फाइल नीट करण्यात आहे, आणि तिथेच लोक घाई करतात. समजा एका रकान्याचं नाव 'एमबी' आहे आणि तारीख ०५/०६. एमबी म्हणजे मृग बहार, पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेला फळांचा हंगाम, हे तुम्हाला माहीत, परक्याला नाही. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? तेल्या पावसाळ्यात बळावतो, त्यामुळे बहार आणि तारीख कळली नाही तर सगळा आकडाच निरर्थक. म्हणून सोबत साध्या मजकुराची एक 'रीडमी' फाइल द्या: प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, रोगाची तीव्रता कोणत्या मोजपट्टीवर मोजली, रिकामा चौकोन म्हणजे शून्य की मोजलंच नाही. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फाइल सीएसव्ही या साध्या, कुठेही उघडणाऱ्या तक्त्याच्या स्वरूपात साठवा, आणि आत मराठी असेल तर साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. शोधशब्दांत रोगाच्या इंग्रजी नावाबरोबर 'तेल्या' आणि तालुक्याचं नावही घाला. आपल्याकडचा कृषी पदवीधर त्याच शब्दांनी शोधणार.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि गट नंबर काढून टाका. गट नंबर कळला की ऑनलाइन सातबाऱ्यावरून मालकाचं नाव निघतं, आणि अमक्याच्या बागेत तेल्या आहे हे व्यापाऱ्याला कळलं तर भाव त्याचा पडेल. बागेला 'बाग १', 'बाग २' म्हणा, ठिकाण तालुक्यापर्यंतच ठेवा. माळरानावरच्या पक्ष्यांवर काम करणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. नान्नजच्या अभयारण्यात घरटं नेमकं कुठे आहे, हे उघड फाइलीत नको.

डेटाला परवाना शक्यतो सीसी बाय निवडा. कुणीही वापरावा, पण तुमचा उल्लेख करून. छापून आलेल्या निबंधाची प्रकाशकाची पीडीएफ मात्र परस्पर चढवू नका, त्या मासिकाचे नियम आधी वाचा.

झेनोडोचा 'सँडबॉक्स' म्हणून सरावासाठी वेगळा भाग आहे. तिथे दिलेला डीओआय खरा नसतो, त्यामुळे बिनधास्त चुका करता येतात. ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला नसेल तर आधी तो काढा, मग एकाच बागेची फाइल घेऊन सँडबॉक्सवर चढवून बघा आणि तुमच्या विषयाबाहेरच्या मैत्रिणीला ती वाचायला द्या. ती जिथे अडेल ते रीडमीत लिहा, आणि मग खऱ्या झेनोडोवर जा.