तिसरी रांग : काढावी, बसवावी की विसरावी?

सात आसनी जुन्या एसयूव्हीतली मागची सीट आम्ही वापरतच नाही. सामानासाठी काढून टाकली तर चालेल का?

चालेल. सीट निघते पटकन, छळतात ते गंजलेले बोल्ट. आदल्या रात्री गाडीखालून, बोल्टचं टोक दिसेल तिथे, गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनीने गंजलेलं डोकं गोल होतं. बोल्ट अडला तर पान्यावर उभे राहू नका. थोडा मागे, थोडा पुढे असा खेळवा. बहुतेक गाड्यांत त्याचा नट तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेला असतो. तो वेल्ड तुटून नट बोल्टबरोबर गरागरा फिरू लागला की अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस जातो.

काढलेले बोल्ट त्याच भोकांत परत पिळून ठेवा. आटे शाबूत राहतात आणि सीट परत लावायची वेळ आली तर शोधाशोध नको. नोंदणीत आसनसंख्या लिहिलेली असेल, तर बदल कळवावा लागतो का ते नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीलाही विचारा. अ‍ॅव्हरेज वाढेल ही आशा मात्र सोडा; एका सीटच्या वजनाने जाणवण्याइतका फरक पडत नाही.

सीट काढल्यापासून गाडीत धुराचा वास येतो. सायलेन्सर फुटला असेल का?

तोही तपासा, पण आधी गालिचा उचलून सीटच्या बोल्टची भोकं उघडी राहिली आहेत का बघा. चौकोनी पाठीच्या गाडीमागे धावताना हवेचा दाब कमी होतो आणि धूर गाडीच्या पाठीशीच घोटाळतो. उघडं भोक किंवा डिक्कीच्या दाराचं फाटलेलं रबर सापडलं की तो आत येतो. भोकांना रबरी बूच आणि सीलंट लावा. वास परवडला, पण त्याच धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

माझी गाडी पाच आसनी आहे. त्याच मॉडेलच्या सात आसनी गाडीची जुनी सीट मिळते आहे. घेऊ का?

पैसे देण्याआधी स्वतःच्या गाडीचा तळ उघडा पाडा. अनेक कंपन्या दोन्ही प्रकारांसाठी एकच सांगाडा वापरतात. मग नट जागेवर असतात, नुसते बुचाखाली झाकलेले. बाजूचं प्लास्टिक काढून बेल्टचे नटही आहेत का ते पाहा. दोन्ही सापडले तर खुशाल घ्या, मात्र कंपनीचेच बोल्ट वापरा आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापानेच आवळा.

नट नसतील तर विषय सोडा. ‘भोक पाडू, खालून मोठा वायसर लावू’ म्हणणारा कारागीर भेटेलच. त्याला हा हिशेब दाखवा : ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर 60 किलोच्या माणसाची ओढ सुमारे 1,200 किलोच्या भाराएवढी होते. पातळ पत्रा त्यापुढे कागदासारखा फाटतो. शिवाय ड्रिल जिथे बाहेर येतं तिथे इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग असू शकतं.

भाराचंही बघा. सात आसनी प्रकाराला मागे वेगळ्या स्प्रिंगा असू शकतात. गाडीच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. त्या फरकात सात माणसं आणि त्यांच्या बॅगा मावायला हव्यात.

मुलांसाठी आडव्या, समोरासमोरच्या घडीच्या सीट बसवल्या तर?

नको. समोरून धडक बसली की तिथला माणूस कुशीवर फेकला जातो आणि नुसता कमरेचा पट्टा त्याला नीट धरत नाही. लहान मुलांची सीट तर तिथे लावूच नये.

सीट नीट बसली, पण बेल्ट ओढला की अडकतो. खराब निघाला का?

बहुधा नाही. बेल्टच्या गुंडाळीत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी जोरात थांबली किंवा कलंडली की तो सरकतो आणि बेल्ट जखडतो. गुंडाळी तिरकी बसली तर त्याला गाडी कायम कलंडलेलीच वाटते. बोल्ट सैल करा, गुंडाळी हातात धरून हळूहळू फिरवत बेल्ट ओढून पाहा. मोकळा सुटतो तो कोन तुमच्या गाडीतल्या ठरलेल्या जागेशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर ती गुंडाळी दुसऱ्या बाजूची किंवा दुसऱ्या मॉडेलची आहे. खाली वायसर कोंबून कोन साधू नका, योग्य गुंडाळी आणा. आणि अपघातग्रस्त गाडीतून काढलेला बेल्ट असेल, तर तो मोकळा सुटला तरी लावू नका.