पन्नास रुपयांच्या फांद्या आधी मोडा

भाऊ, अडीच हजारांचं तयार फायकसचं (वड-पिंपळाच्या जातीचं) बोन्साय घेतलं, फांद्यांना वळण द्यायला व्हिडिओ पाहून तार गुंडाळली आणि वाकवताना खालची मुख्य फांदीच कडकन तडकली, असं तुम्ही लिहिलंय. आता बोन्सायचा क्लास लावू का, असं विचारता. लावा ना, पण त्याआधी पन्नास-साठ रुपयांची चार रोपं आणा आणि त्यांच्या फांद्या मोडा. मुद्दाम मोडा. फांदी तडकायच्या आधी अंगठ्याखाली बारीक कुरकुरते. ती कुरकुर एकदा हाताला कळली की मग थांबता येतं. अडीच हजारांच्या झाडावर हे शिकणं कुणाच्याही जिवावरच येईल.

त्याहून स्वस्त सराव हवा असेल तर पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात तेव्हा दोन-चार उचलून आणा. कडुनिंबाची ओली फांदी कुंडीत रोवायची आणि टीव्हीसमोर बसून तार गुंडाळायची, सोडायची. घरचे हसतील, हसू द्या.

नर्सरीत गेलात की माळी सरळ, भरगच्च झाड काढून देतो. आपल्याला नेमकं मागच्या रांगेतलं, वाकडं, खालपासून फांद्या फुटलेलं पाहिजे. फायकस बेंजामिना किंवा कुंपणासाठी ठेवलेलं बारीक पानांचं फायकस घ्या, खोड अंगठ्याएवढं. बोटानं वरची माती बाजूला करून मुळं कशी पसरलीत ते बघा. घरी आणल्याबरोबर कुंडी बदलायची, छाटायचं आणि तारही घालायची, असं एकाच आठवड्यात करू नका. एका वेळी एकच मार द्यावा. व्हिडिओत दिसतं तसं जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं सूचिपर्णी झाड, मात्र आणू नका. आपल्या मे महिन्यात ते आतून मरतं आणि वरून कितीतरी दिवस हिरवंच दिसत राहतं, म्हणजे चूक कुठे झाली तेही कळत नाही.

तारेसाठी बोन्सायचं महाग पाकीट लागत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे ॲल्युमिनियमची तार वजनावर मागा. १०, १२, १४ आणि १६ नंबर पुरे. नंबर वाढला की तार बारीक होते: १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, १४ नंबर दोन मिलिमीटर. फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाडीची तार धरायची. तांब्याची तार लालभडक तापवून मऊ करावी लागते आणि वाकवली की पुन्हा कडक होते. आत्ता तिच्या नादी लागू नका. सळया बांधायची लोखंडी तार तर नकोच, गंजते.

आता गुंडाळणं. आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या, म्हणजे फांदी जरा लवते. एकाच तारेत जवळजवळच्या दोन फांद्या धरा आणि तार दोन्हींच्या मिळून लांबीच्या दीडपट घ्या. मध्ये खोडाला निदान दीड वेढा हवा, नाहीतर एक फांदी हलवली की दुसरी सुटते. वेढे साधारण ४५ अंशांत, एकसारखे. बाकात बाहेरच्या बाजूवरून तार गेली पाहिजे, कारण साल तिथेच ताणली जाते आणि तिथेच फाटते. तुमच्या फोटोत नेमकी त्या जागी तार नाही. दोन्ही अंगठे आतल्या बाजूनं टेकवा आणि तार ज्या दिशेनं फिरली त्याच दिशेनं फांदीला किंचित पीळ देत वाकवा. उलट पिळलं की तार सैल पडते. बोगनवेलीचं जुनं लाकूड वाकत नाही, काचेसारखं तुटतं. तिची कोवळी फूट तेवढी तारेला घ्या, बाकी छाटूनच वळवा. चीनच्या ग्वांगडोंगमधली लिंगनान पद्धत बहुतांशी अशी छाटणीवरच उभी आहे.

पण माझं खरं नुकसान तार घालताना नाही, काढताना झालं. एका वर्षी मृगात घातली, गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली कुंडी ठेवली आणि विसरलो. पोळ्याला पाहतो तर तार अर्धी आत रुतलेली. पावसाळ्यात इथे फायकसची फांदी पाहता पाहता जाडावते. ते स्क्रूसारखे आटे अजून खोडावर आहेत. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी बघा. साल तारेच्या दोन्ही कडांना फुगू लागली की फांदी वळलेली असो वा नसो, तार काढा. गरज वाटली तर नव्यानं, जागा बदलून घाला. काढताना उलटी सोडवत बसू नका, कटरनं प्रत्येक वेढा तोडा. तार वाचवायच्या नादात मी दोन फांद्या घालवल्यात. आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तारेचं काम काढूच नका, झाडाला जगण्याचंच काम पुरेसं असतं.

तुमच्या तडकलेल्या फांदीचं सांगतो. एका बाजूची साल अखंड असेल तर चीक ओल्या फडक्यानं पुसा, फट नीट मिटवा आणि कलमाची पट्टी घट्ट गुंडाळून सावलीत ठेवा. पंधरा दिवसांत पानं गळून फांदी सुकली तर जिवंत भागापर्यंत कापा. फायकस आहे, जवळपास नवी फूट येईल. तोवर त्या कुंडीला तार दाखवूसुद्धा नका.