कार्ड बंद करण्याआधी पिनेला हात लाव

मु. हर्णै, ता. दापोली
आषाढ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलून भागलं असतं, पण हे लिहूनच सांगावं असं वाटलं. पाऊस लागून राहिलाय, वीज सकाळपासून येऊन-जाऊन आहे, त्यामुळे वेळही आहे.

कंपनीने जिरा हे कामांचा माग ठेवायचं सॉफ्टवेअर आणलं, त्यातला बोर्ड (एकेका कामाचं एकेक कार्ड, ‘चालू आहे’, ‘पूर्ण’ अशा रकान्यांत) सांभाळायचं काम सगळ्यांत नव्या म्हणून तुझ्या गळ्यात पडलं, आणि आता दिवसभर ‘झालं का, झालं का’ विचारत फिरावं लागतं, असं तू लिहिलंयस. ‘टूलरूमची माणसं मला बघून तोंड फिरवतात’ हे तुझं वाक्य मला लागलं. इंजिनिअर व्हायला चिपळूणला गेलेल्या मुलीला आपण तगादेवाली झालो असं वाटू नये. पण सॉफ्टवेअरवर राग काढू नकोस. मी अशाच बोर्डावर एक घोडचूक केलेली आहे, ती आधी ऐक.

२०१९ च्या शेवटाची गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे निकष, लागू व्हायचं होतं. बीएस-४ वरून थेट ६, मधला पाचाचा टप्पा गाळून. एक्झॉस्टच्या आसपासचं सगळंच बदलत होतं आणि आमच्यासारख्या ब्रॅकेट बनवणाऱ्यांकडे ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजन येत होत्या. एका ब्रॅकेटचं भोक दीड मिलिमीटर सरकलं. रिव्हिजन सी ची डी झाली. बोर्डावर कार्ड माझ्या नावावर होतं: ‘रेव्ह डी बदल’. एवढंच. टूलरूमने, म्हणजे डाय (पत्रा कापायचे साचे) सांभाळणाऱ्या विभागाने, भोक पाडणारा पंच सरकवला, ट्रायलचे नग मी स्वतः मोजले, बरोबर आले. मी कार्ड ओढून ‘पूर्ण’च्या रकान्यात टाकलं आणि घरी गेलो.

चेकिंग फिक्स्चरची, म्हणजे नग बसवून भोकाची जागा तपासायच्या साच्याची, पिन मात्र जुन्याच जागी होती. ती बदलायची हे माझ्या डोक्यात होतं, कार्डावर नव्हतं. तिसऱ्या पाळीला नवे नग फिक्स्चरवर बसेनात. इन्स्पेक्टरने नियमाप्रमाणे ते लाल बिनमध्ये टाकले. डिस्पॅचची गाडी उभी होती, म्हणून सुपरवायझरने बाजूच्या ट्रॉलीतले शिल्लक नग तपासायला दिले. ते रेव्ह सी चे. ते पिनेवर छान बसले. हिरवा टॅग लागला, गाडी गेली. म्हणजे चांगला माल आम्ही भंगारात काढला आणि चुकीचा माल ग्राहकाला पाठवला, आणि त्या रात्री कामावर असलेल्या एकाही माणसाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या लाईनवर बोल्ट आत जाईना. पुढच्या चार रात्री मी तिथे उभा राहून एकेक नग वेगळा काढत होतो. हातातल्या ब्रॅकेटकडे बघून दीड मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक नग गेजवर लावावा लागतो.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. आपल्या धंद्यात या बोर्डाचा खरा उपयोग कोण किती काम करतोय हे बघण्यासाठी नाही. एक बदल कुठे कुठे जाऊन पोचायला हवा हे एकाच्या डोक्यातून काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, यासाठी तो आहे. भोक सरकलं की डाय बदलतो, फिक्स्चर बदलतं, कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं तो तक्ता) आणि एफएमईए (काय बिघडू शकतं त्याची यादी) बदलतात, प्रेसजवळ टांगलेला कामाच्या सूचनांचा कागद बदलतो. प्लेटिंग बाहेर होत असेल तर त्या माणसाकडचं ड्रॉइंगही बदलावं लागतं. ग्राहकाला कळवून पीपॅप, म्हणजे भाग मंजूर करून घ्यायचा कागदपत्रांचा संच, पुन्हा द्यावा लागतो का ते विचारावं लागतं. त्यातली कागदपत्रं अठरा प्रकारची असतात हे तुला आता पाठच झालं असेल. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जुना माल: ट्रॉलीतला, गोडाऊनमधला, वाटेतल्या गाडीतला. ड्रॉइंग बदललं म्हणून तो आपोआप नाहीसा होत नाही. त्याचं काय करायचं आणि कोणत्या तारखेपासून फक्त नवा माल जाणार, याचं वेगळं कार्ड हवं. बदल आला की हा सगळा गोतावळा एका मुख्य कार्डाखाली आधी मांड, मग कामाला लाग. मांडायला अर्धा तास जातो. मला चार रात्री लागल्या.

आता ‘पूर्ण’ या शब्दाबद्दल. जिरा मुळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आलं, २००२ साली, प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवायला. त्यांची ओळ चुकली तर रात्रीत मागे घेता येते. आपलं पोलाद एकदा कापलं की कापलं. फार तर वेल्डिंगने भरून पुन्हा घासायचं, आणि त्या जागी डाय पूर्वीसारखा टिकेल याची खात्री नाही. म्हणून आपला ‘पूर्ण’ त्यांच्या ‘पूर्ण’पेक्षा जड असला पाहिजे. फिक्स्चरचं कार्ड बंद करायचं तर पिनेची जागा मोजलेला रिपोर्ट हवा, फिक्स्चरवर नव्या रिव्हिजनच्या पट्टीचा फोटो हवा, आणि पहिले पाच नग त्यावर बसवून पाहिलेले हवेत. कार्डाचं नावही तसंच लिही. ‘फिक्स्चर बघणे’ हे काम नव्हे, ती इच्छा आहे. ‘रेव्ह डी प्रमाणे पिन सरकवून पाच नगांचा रिपोर्ट जोडणे’ हे काम. आणि मराठीत लिही. तुमच्याकडे वरच्या लोकांना इंग्रजी हवं असेल तर खाली एक ओळ इंग्रजीत घाल, पण दुसऱ्या पाळीतल्या माणसाला पहिल्या वाचनात समजलं पाहिजे.

एका कार्डावर एकच नाव. क्वालिटी आणि टूलरूम दोघांची नावं टाकलीस तर ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ अशी गत होते. मदतीला दहा जण असू देत, जबाबदार एकच.

‘चालू आहे’ हा रकाना तर भिजत घोंगड्यांचं कोठार असतो. नव्या डायला कित्येक आठवडे जातात. तेवढा काळ एकच कार्ड तिथे पडलं असेल तर तू रोज विचारणार आणि समोरचा रोज ‘चालू आहे’ म्हणणार. तोंड फिरवणार नाही तर काय करील? त्याऐवजी डोळ्यांना दिसतील असे तुकडे कर. पोलाद आलं. मशीनिंग झालं. हीट ट्रीटमेंटला गेलं, परत आलं. ट्रायल झाली. मग विचारावं लागत नाही, जाऊन बघता येतं. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरीव हप्ते, बसत नसतील तर हट्ट धरू नकोस. भट्टी स्प्रिंट बघून तापत नाही.

टूलरूमबद्दल मात्र तुला थोडं रागावून सांगतो. तू टेबलावर बसून ‘ड्यू डेट’ भरतेस आणि त्यांना लॉगिनही नाही! त्यांच्या नावावर तारीख तू टाकायची आणि ती चुकली की लाल रंग त्यांना लागायचा, हा न्याय झाला का? उद्या सकाळी चहाच्या आधी जा. फोनवर कार्ड उघडून त्यांच्या हातात दे आणि म्हण, ‘काका, हे तुमच्या नावावर आहे. काय अडलंय, आणि कधी होईल?’ ते सांगतील ती तारीख त्यांच्यासमोर भर. ते म्हणाले पोलादच आलेलं नाही, तर कार्डावर ‘अडलंय’चं निशाण लाव, कारण लिही, आणि खरेदी विभागाच्या नावाने नवं कार्ड कर. टूलरूमच्या माणसाच्या लक्षात येईल की ही पोरगी आपल्यावर पाळत ठेवत नाही, आपलं अडलेलं वर पोचवतेय. आठवडाभरात तेच तुला हाक मारून सांगतील. तीस वर्षं अशा माणसांत काढली आहेत, म्हणून खात्रीने लिहितो.

लाल रंग दिसला की ओरडणारे साहेब असतात. त्यांच्या बोर्डावर कायम हिरवळ असते आणि ग्राहकाच्या लाईनवर आग. तुमचे साहेब तसे असतील तर तू लहान आहेस, त्यांना बदलू शकणार नाहीस. पण मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी त्यांना एकट्याला गाठून सांग की उद्या हे कार्ड लाल दिसेल, याच्यामुळे, आणि आपण असं असं करतोय. चारचौघांत धक्का बसला नाही की माणूस ऐकतो.

ड्रॉइंगची फाईल कार्डाला जोडत जाऊ नकोस, फक्त दुवा दे. ड्रॉइंग पीएलएममध्ये (ड्रॉइंग आणि त्यांच्या रिव्हिजन ठेवायची प्रणाली), साठ्याचा आकडा ईआरपीमध्ये (साठा-खरेदी-हिशेबाची प्रणाली), आणि कोणी काय कधी करायचं ते बोर्डावर. जोडलेली प्रत तिथेच शिळी होते आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तीच छापून मशीनवर लावतो. व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करा असं मी म्हणणार नाही, तो बंद होणारही नाही. पण तिथे ठरलेली गोष्ट त्याच दिवशी कार्डावर उतरव, कोणी आणि केव्हा सांगितलं त्यासकट. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली गाडला गेलेला निर्णय ऑडिटच्या दिवशी सापडत नाही.

आठवड्यातून एकदा बोर्ड छापून लाईनजवळ लावायचाही आग्रह धर. टोयोटाने पहिल्या प्रिअसच्या वेळी, नव्वदच्या दशकात, मुख्य अभियंते ताकेशी उचियामादांच्या हाताखालच्या सगळ्या विभागांना एका मोठ्या खोलीत एकत्र आणलं होतं. जपानीत तिला ओबेया म्हणतात. भिंतीवरचा कागद येता-जाता नजरेला पडतो, त्याला पासवर्ड लागत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा एका ओळखीच्या वर्कशॉपच्या फायलींचा नुसता लगदा झाला. नंतर मी मदतीला गेलो होतो. इन्स्पेक्शन रिपोर्टची पानं आम्ही दोरीवर वाळत घातली, शाई वाहून गेलेली. त्यांनी थोडंफार जे ऑनलाईन ठेवलं होतं ते वाचलं, पण वीज आणि नेटवर्क येईपर्यंत तेही बघता येत नव्हतं. म्हणून दोन्ही ठेव. आणि पावसाळ्यात ज्या कार्डाचा माल कुंभार्ली घाटातून जाणार आहे, त्यावर घाट बंद झाला तर कुठल्या रस्त्याने जायचं आणि किती दिवस धरायचे हे आधीच लिहून ठेव. पुण्यात बसलेल्या माणसाने केलेल्या वेळापत्रकात घाट नसतो.

इथे सध्या मासेमारी बंद आहे, १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढून ठेवल्यात. आमच्या शेजारचे तांडेल रोज आपल्या होडीवर काम करतात. फळ्यांच्या ज्या फटीत कापूस ठोकून भरायचाय तिथे त्यांनी खडूने फुली मारलेली आहे. काम मुलगा करतो. पण फुली तो पुसत नाही. संध्याकाळी तांडेल स्वतः येतात, त्या जागेवरून अंगठा फिरवतात, मग पुसतात. काल एका फुलीवर अंगठा दोनदा फिरला आणि ती तशीच राहिली. मुलगा काही न बोलता हातोडी घेऊन पुन्हा बसला. ते बघूनच मला तुला लिहायला बसावंसं वाटलं.

रविवारी सुट्टी असेल तर खेड-दापोलीवरून ये. येताना तुमच्या बोर्डाची छापील प्रत आण, ‘पूर्ण’चा रकाना मुख्यतः. एकेक कार्ड घेऊन बघू, कोणत्या कार्डाला पुरावा आहे आणि कोणतं नुसतं ओढून टाकलंय. काकू सांगतेय, सांदण करणार आहे, तेव्हा दुपारच्या आत पोच.

आईला नमस्कार सांग.

तुझा
काका